गच्चीची किल्ली

बोळिंजच्या त्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचे चेअरमन होते चंद्रहास पाठारे. आणि काय चेअरमन होते, महाराज! नळाला पाणी आणलं ते त्यांनी, बिल्डरच्या माणसाच्या मुठीतून इमारत सोडवली तीही त्यांनीच. तो माणूस गच्चीला कुलूप लावून किल्ली खिशात घेऊन फिरायचा. त्याचाच धसका घेऊन शहाण्णव साली पहिल्या सभेत चंद्रहासांनी नियम करून घेतला: चेअरमन तीन-तीन वर्षं, दोनदाच. "अहो, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षसुद्धा दोनदाच, मग आपण कोण लागून गेलो?" आणि नियम बदलायचाच झाला, तर चोवीसच्या चोवीस हात वर हवेत. काय टाळ्या पडल्या होत्या तेव्हा!

दोन हजार दोन उजाडलं, दुसरी मुदत संपत आली, आणि अमेरिका एकाएकी फार लांब गेली.

"तुमच्यासारखा माणूस परत मिळणार नाय," तळमजल्यावरचे सेक्रेटरी कॉन्रॅड म्हणाले. "नियम आपणच केला, आपणच काढू." चंद्रहास तीनदा "छे छे" म्हणाले आणि चौथ्यांदा त्यांनी सभेची तारीख विचारली. खरं सांगायचं तर त्यांना खुर्ची हवी होती. पोस्टातून रिटायर झालेला माणूस; चेअरमनपण गेलं तर आपल्या दाराची बेल कोण वाजवणार, हाच त्यांना घोर.

एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी नियम काढायच्या ठरावासाठी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. स्वतःच्या घरचं मत चंद्रहासांनी धरूनच ठेवलं होतं, आणि तिथेच ते फसले. फ्लॅटवर पहिलं नाव बायकोचं, वसुंधराबाईंचं. त्या कधी सभेला येत नसत, म्हणून सहा वर्षं हात यांचा वर व्हायचा. आज त्या कडक इस्त्रीची साडी नेसून दुसऱ्या रांगेत येऊन बसल्या. पहिलं नाव हजर असलं की मत त्याचंच, हे सगळ्यांना शिकवलं होतं कुणी? चंद्रहासांनीच!

हात वर झाले. कॉन्रॅडनी मोजले. तेवीस.

"वहिनी, तुमचा हात?"

"नाही." वसुंधराबाई उभ्या राहिल्या. "यांनी काय केलंय ते मी विसरलेले नाही. माझ्या घरात पाणी यांच्यामुळे आलं. पण पंच्याण्णव साली मी पापडांची परात घेऊन त्या बिल्डरच्या माणसाच्या दारात उभी होते. म्हणाला, चहा पिऊन झाला की देतो किल्ली. परवा जुलियाना बोंबील वाळत घालायला निघाली, तर आमच्या दारात तशीच उभी. आणि हे म्हणाले, पेपर वाचून झाला की देतो."

"अवो, मला काय राग नाय आला!" दुसऱ्या मजल्यावरची जुलियाना घाईघाईने म्हणाली. तिचा हात अजून वरच होता.

चंद्रहासांना आधी संताप आला. घरचं माणूस, चारचौघांत! त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, तर बोटांना किल्ली लागली. मग मात्र त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. किल्ली टेबलावर ठेवून ते म्हणाले, "ठराव नामंजूर. लिहा, कॉन्रॅड."

नवे चेअरमन म्हणून कॉन्रॅडना निवडलं. त्यांनी पहिलं काम केलं ते जिन्याजवळ खिळा ठोकून किल्ली तिथे अडकवण्याचं.

दुपारी जेवताना चंद्रहास भात चिवडत होते. म्हणाले, "तू होतीस म्हणून वाचलो गं. त्या माणसासारखाच झालो असतो मी."

"झालाच होतात," वसुंधराबाई म्हणाल्या आणि त्यांच्या भातावर आमटी वाढली.

चार वाजता बेल वाजली. सवयीने चंद्रहास धावले. दारात जुलियाना, हातात झाकलेली ताटली.

"किल्ली खाली खिळ्याला आहे हां," ते म्हणाले.

"म्हायत हाय. किल्ली नको मला." तिने ताटली पुढे केली. "बोंबील भाजलेत. काम काय नाय, भाऊ, सहज आले."

सहा वर्षांत त्या दारात काम नसताना कुणी आलं नव्हतं. चंद्रहासांनी ताटली दोन्ही हातांनी घेतली.

"वसुंधरा," त्यांनी आत हाक मारली, "चहा टाक गं, पाहुणे आलेत."