बुधवारची कचरागाडी

"बोट दे," को हुइ-चू म्हणाली.

पेइ-चेनने बोट पुढे केलं आणि डोळे घट्ट मिटले. तेवढ्या वेळात तिच्या आईने, त्साइ बाईंनी, टेबलावरचा थंड दूधचहाचा उंच पेला उचलून फ्रीजच्या आडोशाला सरकवला. पण हुइ-चूला तो दिसलाच. तळाशी साबुदाण्यासारख्या काळ्या गोळ्यांचा थर होता आणि झाकणावर दुकानाची चिठ्ठी होती : पूर्ण साखर.

"झालं?" पेइ-चेनने विचारलं.

"झालं. उघड डोळे."

यंत्रावर आकडा आला. हुइ-चूने तो त्साइ बाईंपुढे धरला. "मागच्या वेळेपेक्षा साखर वाढलीय."

"थंडीचं वाढतं म्हणतात."

"चहाने वाढते, बाई."

त्साइ बाई खुर्ची ओढून बसल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही येता, बरं वाटतं मला. पण सांगते. हिचं लग्न व्हायचं नाही. ही स्कूटर चालवायची नाही. मैत्रिणी म्हणाल तर त्या टीव्हीतल्या. दिवसातून एक चहा आहे हिचा. तोही काढून घ्यायचा?"

"आज सकाळी मी हायस्कूलमध्ये होते. तिथल्या मुलींनाही हेच सांगून आले. साखर कमी, रोज चालायचं. त्यांच्या आयांनी कधी विचारलं नाही, आमच्या मुलींचं सुख का काढून घेता म्हणून."

"त्या मुली वेगळ्या."

"त्यांचे डोळे काही वेगळे नाहीत. मूत्रपिंडंही वेगळी नाहीत."

पेइ-चेन बोटावरचा कापूस दाबून दोघींकडे आलटून पालटून पाहत होती. तिला डाऊन सिंड्रोम होता. विशी ओलांडल्यावर ती अपंगांना काम देणाऱ्या गावातल्या एका आधार-बेकरीत जाऊ लागली. पावांवर तीळ लावायचं काम तिचं. तिच्या पावावर तीळ कडेला घसरलेला कधी दिसत नसे. वाकडेतिकडे झालेले पाव मुलं घरी नेत, आणि पेइ-चेन ते वाटेतच संपवी.

हुइ-चू हुवेइ गावच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. तिच्याकडे दोन कामं होती : शाळांमधल्या मुलांची तपासणी, आणि ज्यांना केंद्रापर्यंत येणं जमत नाही अशा अपंगांच्या घरी जाणं. दोन्हींसाठी ती एकच वजनकाटा आणि एकच पुस्तिका वापरत असे. दुसऱ्या कामासाठी सोपी पुस्तिका करू, त्यांच्याकडून फार अपेक्षा नको, असं वरिष्ठ म्हणाले होते. हुइ-चूने चित्रं मोठी करून घेतली. अपेक्षा होती तेवढीच ठेवली.

वसंतात पेइ-चेनची मोठी तपासणी होती. तोवर साखर उतरली नाही तर गोळी पुरणार नाही, इन्सुलिन सुरू करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"करू सुरू," त्साइ बाई म्हणाल्या. "टोचीन मी रोज. शिकवा मला."

"शिकवीन. आणि तुमच्यानंतर कोण टोचणार?"

त्साइ बाई उठल्या. त्यांनी उगाच ओटा पुसला.

तेवढ्यात दुरून कचरागाडीची धून ऐकू आली. पेइ-चेन ताडकन उठली. केंद्र बेकरीत घेत असलेल्या व्यायामाच्या वर्गात हिला खुर्चीवरून उठवताना शिक्षिका थकून जायची. 'नको' म्हणून ही हाताची घडी घालायची. नाचाची गाणी लावून झाली, रंगीत चित्रं दाखवून झाली. आणि आता कुणी काही न सांगता ती खिडकीशी जाऊन, गज धरून, जागच्या जागी पावलं टाकत होती. त्साइ बाईंनी कचऱ्याच्या पिशव्या उचलल्या, बाहेरून जाळीचं दार लावलं आणि त्या गल्लीच्या तोंडाशी गेल्या.

त्या परत आल्यावर हुइ-चूने विचारलं, "हिला का नाही नेत?"

"सगळी गल्ली एकदम बाहेर असते त्या वेळी. एकदा नेलं होतं. एक बाई आपल्या पोराला मागे ओढून म्हणाली, लांब उभा राहा. नंतर नाही नेलं."

"मग बुधवारी चालू या. बुधवारी गाडी नसते, म्हणजे गल्लीही रिकामी."

त्साइ बाईंनी दारातून गल्ली पाहून घेतली. "कुणी नसेल तर चालेल."

बुधवारी गल्ली खरंच रिकामी होती. साखर कारखान्याचा गाळप हंगाम चालू होता, हवेत मळीचा गोडसर वास होता. पेइ-चेन दाराशी आली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पायरीवर बसली.

"चल ना, पेइ."

"गाणं नाही."

"गाण्याशिवाय चल."

"नाही. गाणं नाही, गाडी नाही." तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

पुढच्या बुधवारी हुइ-चू व्यायामवर्गातला छोटा स्पीकर घेऊन आली. धून तिने आदल्या दिवशी स्वतःच्या घराबाहेर फोनवर उतरवून घेतली होती. सारा जन्म याच गावात गेला होता तिचा, पण एक साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नाही. तिने कळ दाबली. पेइ-चेन उठली, खांदे मागे घेतले आणि चालू लागली.

पहिलं दार उघडलं ते केशकर्तनालयवाल्या बाईंचं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कुणाच्या तरी केसांचा ब्रश. मग समोरच्या माडीवरून कुणी धडधडत उतरलं. कुणी उरल्यासुरल्या अन्नाची बादली घेऊन, कुणी एका पायात चप्पल घालून. बघता बघता गल्ली भरली. सगळे रस्त्याच्या टोकाकडे पाहत होते. टोकाला काहीच नव्हतं.

"गाडी कुठंय?"

"आज बुधवार ना?"

"बुधवारच. मग मी भात टाकून का पळत आले?"

"धून ऐकली म्हणून. मीही ऐकली."

मग एकेकाची नजर हुइ-चूच्या हातातल्या स्पीकरवर गेली. तो अजून वाजत होता. तिला कळच सापडेना.

"को सिस्टर," केशकर्तनवाल्या बाई म्हणाल्या, "आरोग्य केंद्राने आता कचराही गोळा करायला घेतला का?"

लोक हसले. त्साइ बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पेइ-चेनचा दंड धरला आणि तिला घराकडे वळवलं. पण पेइ-चेनही हसत होती. तिने आईचा हात सोडवला आणि लिआव आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. आजोबा शेजारच्या घरात एकटे राहत. काठी टेकत टेकत ते सगळ्यांच्या शेवटी पोचले होते, आणि एवढ्या कष्टाचं चीज झालं नाही म्हणून वैतागले होते. गाडीवरचे लोक करतात तसा पेइ-चेनने हात पुढे केला.

"आज गाडी नाही गं, पोरी."

"उद्या," पेइ-चेन म्हणाली. "मी नेते."

आजोबांनी तिला निरखून पाहिलं. "रोज नेशील? गुडघ्याने छळलंय मला. मध्येच दांडी मारलीस तर दारात कचरा साठेल, मग बोलेन हं मी."

"रोज."

"आजोबा, तिला नका लावू असं काही," त्साइ बाई घाईने म्हणाल्या.

"का? पाय चांगले आहेत की तिचे. माझ्यापेक्षा तर चांगलेच."

दुसऱ्या दिवशी धून वाजली तेव्हा पेइ-चेन जाळीच्या दाराशी उभी होती. त्साइ बाईंनी दार उघडलं नसतं, पण पलीकडून आजोबा काठीने भिंत ठोकत होते.

हळूहळू आणखी दोन-तीन घरं मिळाली. गाडी गल्लीत शिरत नसे, कोपऱ्यावर थांबे; कचरा जमिनीवर टेकवायचा नाही, हातातून गाडीत टाकायचा. दर घराची वेगळी खेप, त्यामुळे पेइ-चेन पुन्हा पुन्हा जाई-येई. घाम यायचा, गाल लाल व्हायचे. त्साइ बाई आपल्या घराची पिशवी मात्र तिला देत नसत. ती घेऊन त्या मागे, थोडं अंतर ठेवून चालत आणि कोण कसं बघतं ते बघत. केशकर्तनवाल्या बाई एकदा त्यांना म्हणाल्या, "पोलीस होता का हो आधी?" त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

चहाचं काम इतकं सोपं नव्हतं. हुइ-चूने पेइ-चेनला दुकानात नेऊन फळ्यावरच्या साखरेच्या पायऱ्या दाखवल्या : पूर्ण, निम्मी, थोडी, अजिबात नाही. पेइ-चेनने पूर्णवर बोट ठेवलं. हुइ-चूने आपल्यासाठी बिनसाखरेचा घेतला. पेइ-चेनने त्याचा घोट घेऊन तोंड वेडंवाकडं केलं. पुढच्या खेपेला तिने निम्मीवर बोट ठेवलं, आणि घरी आल्यावर रडली. त्साइ बाईंनी हुइ-चूला फोन करून बरंच सुनावलं. हुइ-चूने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्याही निम्मीच द्या."

वसंतातल्या तपासणीत आकडा खाली आला होता, पण फार नाही. इन्सुलिन पुढे गेलं, टळलं नव्हतं. हुइ-चूने तसंच सांगितलं.

"एवढं करून एवढंच?" त्साइ बाई म्हणाल्या.

"एवढंच. करत राहायचं."

त्याच आठवड्यात लिआव आजोबा गेले, दुपारी झोपेतच. मुलगा ताइचुंगहून आला, अंत्यविधी झाले, आणि दारावर शोकाचा पांढरा कागद चिकटवून तो घराला कुलूप लावून गेला. हे पेइ-चेनला समजावून सांगितलं होतं. तिने मान हलवली होती.

मुलगा परतला त्या संध्याकाळी हुइ-चू आली होती. धून सुरू झाली. पेइ-चेन नेहमीसारखी बाहेर पडली आणि आधी आजोबांच्या दाराशी थांबली. दार वाजवलं. मग हात पुढे करून उभी राहिली.

केशकर्तनवाल्या बाई आपली पिशवी धरून रस्त्यातच थबकल्या. हुइ-चू पुढे होणार होती, तेवढ्यात धून जवळ आली.

"आजोबा गेले, पेइ," त्साइ बाई मागून म्हणाल्या.

"माहितीय."

पण हात तिने खाली घेतला नाही.

 त्साइ बाईंनी पुढे येऊन हातातली आपल्या घराची पिशवी त्या हातात अडकवली, आणि गाठ सुटत नाही ना, ते एकदा पाहिलं.

पेइ-चेन कोपऱ्याकडे निघाली. त्साइ बाई दाराशीच थांबल्या. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना. त्यांनी ते एप्रनला पुसले, पुन्हा पुसले.