चढावरचा आवाज

तिने बॉनेट उचललं आणि वाफेचा लोट अंगावर आला. महिन्याभरात याच वळणावर तिसऱ्यांदा. मागच्या ट्रेलरमध्ये तिच्या रोपवाटिकेतली दोनशे कलमं उन्हात माना टाकत होती, आणि बागवाल्याने बजावलं होतं, या खेपेला सुकलेली आली तर दुसरीकडून घेईन.

रेडिएटर नवा, थर्मोस्टॅट नवा, फॅनचा पट्टाही नवा. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा सगळा कारभार. ट्रेलर नसला की हीच गाडी दिवसभर पळायची. ओझं लागून चढ आला की काटा लाल रेषेवर. तिच्या नाकी नऊ आले होते.

शेजारच्या सीटवरून वडील उतरले. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, ते अजून कानानेच लावायचे, आणि या गाडीचंही त्यांनीच लावलं होतं. चढावर टकटक ऐकू येते, असं तिने दोनदा सांगून पाहिलं. कसलाही आवाज नाही, म्हणाले. त्या कानावर शंका कोण घेणार? तिने स्वतःच्याच कानांवर घेतली आणि आवाज तिथलाच असेल म्हणत ट्रेलरच्या हुकाला ग्रीस लावत बसली.

आज मात्र चढ चढताना टकटक इतकी वाढली होती, की सायकल ढकलत चाललेला माणूस वळून बघायला लागला होता. तेव्हाही वडील शेजारी शांतपणे समोर बघत बसले होते.

"बाबा, ठिणगी लवकर पडतेय," ती त्यांच्या पाठीमागून म्हणाली. "म्हणून तापतंय."

ते हात पुसत राहिले. तिने पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. तरी तेच. आता ती ओरडणारच होती, आणि तोंड उघडं असतानाच तिला कळलं. इतक्या दिवसांचा राग कुठे ठेवावा, तेच तिला समजेना.

तिने इंजिन निवू दिलं. मग तिने पाना आणला आणि त्यांच्या समोर जाऊन म्हणाली, "टायमिंग थोडं मागे घ्या."

"माझा हात चुकेल का?"

तिने गाडी चालू केली, पुढे येऊन ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढली. टकटक झाली. वडिलांनी डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल केला, पण ते इंजिनाकडे बघतच नव्हते. बघत होते तिच्या तोंडाकडे.

"तू ऐक," ते म्हणाले. "आणि अशीच समोर राहून सांग. मागून नको."