शेवटच्या थांब्यापुढची कमान

मित्रांनो, मी एक जुनी कमान आहे. न्यूयॉर्कच्या पोटात, जमिनीखाली, एका बंद पडलेल्या सबवे स्टेशनचं छत पेलून उभी आहे. म्हातारी म्हणा हवं तर, पण कुरूप म्हणालात तर याद राखा!

माझा जन्म शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा. गवंड्यांनी एकेक फरशी हाताने बसवून मला घडवलं. कडेला हिरवी नक्षी काढली, रस्त्यावरचं ऊन खाली यावं म्हणून छतात रंगीत काचा बसवल्या, पितळेचे दिवे टांगले. उद्घाटनाला आलेले लोक माना वर करकरून "वा! वा!" म्हणत होते. काय सांगू, मी जरा शेफारलेच.

पण पुढे गाड्या लांब होत गेल्या आणि माझा फलाट पडला वळणावरचा. गाडीचं दार आणि फलाट यांच्यात एवढी फट राहायची, की पाय गेलाच म्हणून समजा. शेवटी मला बंद केलं. दिव्यांवर धूळ साचली. भांडायला तरी कुणी हवं ना? उंदरांशी किती भांडणार!

तरी गंमत अशी, की गाड्या अजून माझ्यासमोरून जातात. अलीकडच्या शेवटच्या थांब्यावर माणसं उतरतात आणि रिकामी गाडी परत फिरायला माझ्याकडून वळसा घेते. ज्यांना हे ठाऊक असतं, ते उतरतच नाहीत. गुपचूप बसून राहतात आणि खिडकीला नाक लावून मला बघतात. फार तर चहाचा घोट घेण्याइतका वेळ मिळतो. ते मला चोरून बघतात आणि मी त्यांना.

परवाचीच गोष्ट. त्या थांब्यावरचं बोलणं बोगद्यातून माझ्यापर्यंत घुमत येतं, त्यामुळे मला सगळं कळलं. नदीपलीकडच्या एडिसन गावाहून नरेंद्रकाका आणि मृणालिनीकाकू आले होते, सोबत शेजारची कॉलेजात जाणारी सिया. काका नोकरीभर याच थांब्यावर उतरलेले. मला बघायचं म्हणून काकूंनी कितीतरी वर्षं धोशा लावला होता, पण काकांचं एकच, "उतरा म्हणाले की उतरायचं." आता घर विकलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मुलाकडे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला, कायमचे निघणार होते. म्हणजे हीच शेवटची संधी.

"काका, जस्ट बसून राहा. आता अलाऊ करतात," सिया म्हणाली.

गाडी थांबली. शेवटचा थांबा आल्याची घोषणा झाली आणि काका सवयीने उठले! "चला, चला! अनाउन्समेंट ऐकली ना?" म्हणत बॅग उचलून थेट फलाटावर. काकू मागे असणारच, ही खात्री. तेवढ्यात दारं बंद झाली.

"अगंबाई! हे उतरले की!"

गाडी माझ्याकडे वळली. दुपारचं ऊन काचांमधून छान उतरलं होतं. काकूंचा चेहरा उजळला. "किती सुंदर! अहो, बघा ना..." म्हणत त्या शेजारी वळल्या. सीट रिकामी! त्या अशा हिरमुसल्या, की मलाच बघवेना. उरलेला वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांचा असा राग आला मला!

वळसा पूर्ण करून गाडी त्याच थांब्याच्या पलीकडच्या फलाटाला लागली. काकू आणि सिया जिने चढून-उतरून परत आल्या, तर काका तिथेच, बॅग पोटाशी धरून उभे. चुकामूक झाली की जागचं हलायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम.

"सापडलीस बाई! कुणी काही बोललं का?"

"कोण बोलणार? अहो, आयुष्यभर इथे उतरलात. आज एकदा बसा."

"अगं, पण..."

"मला एकटीला नाही बघायचं. तुमच्याबरोबर बघायचंय."

पुढची गाडी आली. पुन्हा तीच घोषणा झाली, दारं लागली. मी कान टवकारले. फलाटावर काकांचा आवाज नव्हता!

खिडक्या समोर आल्या. काका अंग चोरून बसले होते. मग त्यांनी मान वर केली आणि ताडकन उठले. "अगं, अगं! एवढी वर्षं हे इथंच होतं? एका वळणावर?" त्या नादात कपाळ काचेवर आपटलं.

"काका, यू आर सो क्यूट!" सिया हसत सुटली.

आणि काकू? मेली माझ्याकडे बघतच नव्हती! काकांकडे बघून डोळे पुसत हसत होती. एरवी मी रुसून बसले असते. पण त्या दिवशी मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की काय सांगू! थोड्या वेळाने बोगद्यातून आवाज आला, "अजून एक फेरी मारायची का गं?" आवाज काकांचा होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या आसपासही असतील. त्यांची धूळ झटका, मोडतोड करू नका, येता-जाता मान वर करून बघा. आणि माझ्याकडे याल तेव्हा ज्याला दाखवावंसं वाटेल, त्याला हाताला धरून आणा. मध्येच उतरायला लागला, तर सरळ खाली बसवा!