पडदा धरत नाही

सकाळचे दहा वाजले होते. मर्लिन तुस्कानो गुडघ्यांवर उभी राहून डाव्या बाजूच्या मधल्या खिडकीचा पडदा पुन्हा लावत होती. स्क्रू घट्ट बसतोय असं वाटायचं आणि शेवटच्या वळशाला तो नुसताच गरगर फिरायचा. मग ती तो काढायची, बोटभर बाजूला नवीन भोक पाडायची आणि तिथे लावायची. खिडकीच्या वरची ती पट्टी आता चाळणीसारखी दिसत होती.

कॅम्पर तिच्या धाकट्या भावाचा, मेलरॉयचा. कुठल्याशा कारखान्याची माणसं नेणारी जुनी ट्रॅव्हलर त्याने घेतली, सगळ्या सीटा काढल्या, आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, बेसिन बसवलं, भिंतींना प्लाय ठोकलं, छपरात भोक पाडून पंखा लावला. राजोडीला त्यांच्या वाडीत, नारळांच्या सावलीत गाडी उभी राहिली. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं यायची, सुरूच्या बनातून समुद्रावर जायची, रात्री गाडीत झोपायची. दोन वर्षं मेलरॉयने हौसेने चालवलं. मग त्याला आयर्लंडमध्ये नोकरी मिळाली. जाताना म्हणाला, "मर्लिन, काही करायचं नाही तुला. चावी द्यायची आणि चावी घ्यायची."

दीड वर्ष झालं त्याला. चादरी धुणं, टाकीत पाणी भरणं, मुंग्या मारणं, पाहुण्यांना मासे कुठे मिळतात ते सांगणं, हे सगळं त्या चावीबरोबर आलं. सोमवार ते शुक्रवार ती माणिकपूरच्या शाळेत गणित शिकवायची. आताही घरात टेबलावर नववीचे सहामाहीचे पेपर पडले होते.

आणि पडदे. जाड काळे, आतून चंदेरी, पाच खिडक्यांचे पाच. सुरुवातीला ते चिकटपट्टीवर होते. दुपारच्या उन्हात गोंद वितळायचा आणि पडदे एकामागून एक खाली यायचे. मग तिने वेल्क्रो लावून पाहिलं. मग काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्या आणल्या. खाऱ्या हवेत त्या दोन दिवस टिकल्या. शेवटी स्क्रू. जवळजवळ प्रत्येक पाहुणा जाताना इंटरनेटवर एकच वाक्य लिहून जायचा: जागा छान, पण पडदा पडतो. एकाने लिहिलं होतं, 'मालकीणबाईंना साधा पडदा लावता येत नाही.'

मेलरॉयही फोनवर तेच म्हणायचा. "तुझा हात हलका पडतो. जोर लावून आवळ ना."

ती जोर लावून आवळायची.

दुपारी एकच्या सुमारास विरारहून रिक्षाने पाहुणे आले. शांताराम घाडीगावकर आणि त्यांची बायको वसुंधरा. साठी ओलांडलेली जोडी, हातात एकच बॅग. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलीने, अनुष्काने, परस्पर बुकिंग करून दिलं होतं. वसुंधराबाई गाडीची पायरी चढताना जरा हसल्या. "असल्या गाडीत झोपायचं? पोरगी काय डोकं चालवेल सांगता येत नाही."

"आत सगळं आहे, काकू. पंखा आहे, फ्रीज आहे," मर्लिनने सवयीने म्हणून दाखवलं. "मी समोरच घरात शाळेचे पेपर तपासत बसलेय. काही लागलं तर हाक मारा."

ती घरी जाऊन पेपरांसमोर बसली. तीन पेपर तपासून झाले असतील, तेवढ्यात गाडीतून मोठ्याने "अगं बाई!" असा आवाज आला.

मर्लिन धावली. वसुंधराबाई प्रवासातली साडी बदलत होत्या आणि मधला पडदा स्क्रूंसकट खाली आला होता. खिडकीपलीकडच्या वाटेवरून समुद्रावर निघालेली चार-पाच तरुण मुलं थबकली होती. बाईंनी चादर अंगाभोवती गच्च धरली होती आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मर्लिनने स्वतःची ओढणी काढून काचेवर दोन्ही हातांनी धरली आणि तशीच उभी राहिली, बाईंचं आवरून होईपर्यंत. हात भरून आले. सॉरी म्हणायचं होतं, पण दीड वर्षात तो शब्द इतक्यांदा वापरला होता की तो आता तोंडातून निघेना.

"राहू दे गं," वसुंधराबाईच म्हणाल्या. "पडदाच आहे. तुझे हात खाली घे आधी."

मर्लिन स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली, तर दारात शांतारामकाका उभे होते. त्यांनी हात पुढे केला.

"आणा इकडे."

"नको काका, तुम्ही पाहुणे आहात. मी करते."

"बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपला काढलीत. बॉडीचंच काम. आणा."

"अहो," मागून वसुंधराबाईंचा आवाज आला, "आज नको. एक दिवस. फक्त एक दिवस कशाला हात लावू नका."

"दहा मिनिटं," काका म्हणाले.

बाई खाली उतरल्या आणि मर्लिनच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मर्लिनला काय करावं कळेना. ती त्यांना पाणी द्यायला गेली.

"दहा मिनिटं म्हणजे संध्याकाळ," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "रिटायर होऊन सहा वर्षं झाली. घरात नळ गळला की यांना बरं वाटतं. बिल्डिंगमध्ये कुणाचा दरवाजा घासला तरी यांना बोलावतात. मी म्हटलं, निदान समुद्रावर तरी गाडी नसेल. तर पोरीने गाडीच शोधली."

मर्लिनला हसू आलं.

"तू कधी बसतेस?" बाईंनी एकदम विचारलं.

"म्हणजे?"

"अशी. ओट्यावर. काही न करता."

मर्लिन विचार करायला लागली. शनिवारी पाहुणे येतात. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिसा, मग पाहुणे गेले की चादरी. सोमवारपासून शाळा. "बसते की," ती म्हणाली. पण कधी, ते काही तिला आठवेना.

अर्ध्या तासाने काकांनी हाक मारली. त्यांचा आवाज जरा वेगळा होता.

त्यांनी खिडकीवरची लाकडी पट्टी काढून पलंगावर ठेवली होती. मागचं प्लाय उघडं पडलं होतं. "इथे अंगठा दाबा," ते म्हणाले.

मर्लिनने दाबला. लाकूड आत गेलं. भिजलेल्या बिस्किटात जावा तसा अंगठा गेला, आणि बाहेर आला तेव्हा नखाला काळं लागलं होतं. कुबट वास आला. तो वास तिला ओळखीचा होता. कित्येक महिने ती तो फिनाइलने पुसून काढत होती.

"छपराला पंखा बसवलाय, त्याच्या कडेने पाणी येतं," काका म्हणाले. "थेंब खाली पडत नाही, म्हणून कळत नाही. आतल्या आत भिंतीत उतरतं. दोन पावसाळे मुरलंय. याच्यात स्क्रू काय, खिळा मारलात तरी धरणार नाही."

मर्लिन अंगठ्याकडे बघत राहिली.

"मला वाटायचं माझा हात हलका आहे," ती म्हणाली.

"हाताचा काय संबंध? तुमची भोकं बघतोय ना मी. सरळ आहेत सगळी. कारागिराने पाडावीत तशी."

ती गाडीच्या पायरीवर बसली. रडू आलं नाही. फक्त खांद्यांमधून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं आणि त्याबरोबर इतकी दमणूक जाणवली की उठावंसं वाटेना. दीड वर्ष ती दर शनिवारी भिजलेल्या लाकडात स्क्रू पिळत होती.

"पडदे मी लावून देतो," काका मागून सांगत होते. "याच्यामागे लोखंडी खांब आहेत. लोहचुंबक फिरवला की सापडतात. तिथे पत्र्याचे स्क्रू मारले की पडदा हलणार नाही. पण खरं सांगू का, टीचर? पडदा राहील, भिंत राहणार नाही. सगळं प्लाय काढून, छप्पर सील करून नव्याने करावं लागेल. नाहीतर अजून एक-दोन पावसाळे. मग वरचं छत कुणाच्या तरी अंगावर येईल."

"तुम्ही कशाला त्रास घेता? आज तुमचा दिवस आहे."

काका दारापर्यंत आले. ओट्यावर बसलेल्या बायकोकडे त्यांनी पाहिलं. ती पाठमोरी होती, एक पाय लांब करून गुडघा चोळत होती.

"दोन खिडक्या करतो," ते हळूच म्हणाले. "पलंगाजवळच्या. बाकीच्या राहू देत."

त्यांनी खरंच दोनच केल्या. फ्रीजच्या दारावरचा, छोट्या नारळासारखा दिसणारा लोहचुंबक भिंतीवरून फिरवला, तो टक्कन चिकटला तिथे खूण केली. मर्लिनने शेजारच्या वाडीतून फेबियनचं ड्रिल आणून दिलं. साडेतीनला काम संपलं. काकांनी पडदा धरून खाली ओढला, लोंबकळल्यासारखा. पडदा जागचा हलला नाही. मग त्यांनी हात धुतले, ओट्यापाशी गेले आणि म्हणाले, "चल, समुद्रावर जाऊ."

वसुंधराबाईंनी वर पाहिलं. "झालं?"

"झालं नाही. पण चल."

ते दोघं सुरूच्या बनाच्या दिशेने गेले. बाई गुडघ्यामुळे सावकाश चालत होत्या आणि काका त्यांच्या चालीने.

मर्लिनने फोन उचलला. आयर्लंडमध्ये सकाळचे अकरा वाजले असतील. मेलरॉय जागा होता, चहा पीत होता. दोघं घरच्या बोलीत बोलायला लागले. तिने भिंतीचं सांगितलं.

"म्हणजे आता पडदे राहतात ना?" तो म्हणाला.

"दोन राहतात."

"मग बाकीचे तीन पण तसेच लाव. डिसेंबरमध्ये सगळं फुल्ल असतं, मर्लिन. नाताळ झाला की बघू."

"भिंत कुजलीये, मेलरॉय."

"अगं, माणसं एक रात्र राहतात. भिंतीला अंगठा कोण दाबतंय?"

वाडीत एक झावळी गळून पडली, तिचा आवाज पलीकडे त्यालाही ऐकू गेला असावा.

"मी दाबला," ती म्हणाली. "आता मला माहीत आहे. यापुढे मी कुणाला आत झोपवणार नाही."

"त्या गाडीसाठी मी किती खपलोय तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तू खपलास, मग मी खपले. मला आता जमत नाही. तू ये आणि दुरुस्त कर, नाहीतर वीक. मी बुकिंग बंद करतेय."

तो चिडला. तू आधीपासूनच मनापासून करत नव्हतीस, असं म्हणाला. ते ऐकून तिला पूर्वी दिवसभर लागून राहिलं असतं. आज तिने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग मोबाइलवर एकेक तारीख उघडून ती बंद करत गेली. पुढच्या शनिवारी येणाऱ्या दोघांना तिने कारण खरं ते लिहिलं: गाडीच्या भिंतीत पाणी मुरलं आहे, क्षमा असावी.

संध्याकाळी घाडीगावकर परतले तेव्हा मर्लिनने त्यांना घरातली पुढची खोली झाडून दिली होती. "तुम्ही इथे झोपा. गाडीत नको."

"अहो, पण पडदे तर आता पक्के झालेत," काका म्हणाले. त्यांना जरा वाईट वाटलेलं दिसलं.

"खूप पक्के झालेत, काका. पण वास येतो आत."

"मला आधीपासून येत होता," वसुंधराबाई म्हणाल्या आणि बॅग उचलून सरळ घरात गेल्या.

जेवायला मर्लिनने पापलेटचं कालवण केलं होतं. काकांनी तीन वेळा वाढून घेतलं. बाई समुद्राबद्दल बोलत होत्या. पाणी खूप आत गेलं होतं, ओल्या वाळूवर दोघं पाऊण तास बसले, आणि तेवढ्या वेळात यांनी एकदाही कशाला हात लावला नाही. "मी घड्याळ बघत होते," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

मेलरॉय डिसेंबरमध्ये आला. आल्या आल्या गाडीत गेला, बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचा अंगठा काळा होता. जानेवारीत माणिकपूरच्या एका केटररने गाडी नेली. त्याला आतलं काहीच नको होतं. मोठी भांडी न्यायला नुसता सांगाडा हवा होता. पलंग, ओटा, प्लाय, सगळं वाडीत काढून टाकलं. मेलरॉयने ते स्वतः जाळलं. ओलं लाकूड पेटेना, दोन दिवस नुसतं धुमसत राहिलं.

विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "मी तुला म्हणालो होतो ना, मनापासून करत नाहीस म्हणून."

"हो."

"ते बरोबर नव्हतं."

"थोडं बरोबर होतं," मर्लिन म्हणाली. "पण स्क्रू मी नीट लावत होते."

तो गेल्यानंतरच्या रविवारी ती मिसेवरून आली, साडी बदलली, चहा केला. मग कपाट उघडून उगाच एक चादर काढली, परत घडी घालून ठेवली. काय करायचं ते सुचेना. अकरा वाजले होते. ती ओट्यावर जाऊन बसली, आणि भिंतीला डोकं टेकून तिथेच झोपली.