आक्काताईची लाडावलेली मेंदी

आक्काताई कवठे महांकाळकडची. तिथं घागरभर पाण्यासाठी अर्धा कोस तुडवावा लागे. नवरा, सोपान, माधवनगरच्या एका गिरणीत लागला आणि चाळीत दारासमोर नळ आला, तेव्हा एवढ्या पाण्याचं काय करावं हेच तिला कळेना. शेवटी तिनं ते मेंदीला घातलं.

मेंदी रॉकेलच्या डब्यात होती. सकाळी पाणी, दुपारी ऊन लागलं म्हणून पाणी, संध्याकाळी सोपान कामावरून आला म्हणून पाणी. वर शेणखत. ताकही आधी मेंदीला, उरलं तर सोपानला. झाड हिरवंगार, लुसलुशीत झालं. शेजारच्या भामाबाईनं चार पानं मागितली, तर आक्काताई म्हणाली, "आमच्या बनीच्या पंचमीला लागतील. उरली तर बघू."

चौसष्ट साली तिची लेक बनी लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला माहेरी आली. अशा माहेरवाशिणीचे हात सगळी चाळ बघते. मेंदी जितकी लाल, तितकी नवऱ्याची माया. हे कुणी तपासून पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्याबद्दल कुणाला शंकाही नव्हती.

आदल्या दिवशी पानं वाटली, काथ घातला, मुठी बांधल्या. पंचमीला सकाळी सोडल्या तर तळव्यावर वरण पुसल्यासारखा पिवळा डाग. पुन्हा लावायची सोय नव्हती. पंचमीला खुडायचं नाही, वाटायचं नाही.

नळावर भामाबाईनं बनीचा हात उलटसुलट केला. "जावई बरा हाय न्हवं, आक्काताई?"

खोट झाडात म्हणावी की जावयात? झाड आक्काताईनं वाढवलेलं, जावई दुसऱ्या बाईनं. तिनं पदर डोळ्याला लावला. "पोरगी बोलत न्हाई. पर आईला कळतंच की."

दुपारपर्यंत जावई नाथाजी चाळीत बायकोला बदडणारा ठरला.

दुसऱ्या दिवशी तो मटकीची पिशवी घेऊन बनीला न्यायला आला. नळावरच्या बायका त्याच्याकडं वळल्या. भामाबाई म्हणाली, "पावणं, बाईच्या अंगावर हात टाकू नये."

नाथाजीनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

बनी बाहेर आली. "मावशी, त्येनी मला कवा बोट लावलं न्हाई. आमच्या परड्यातल्या मेंदीला कुणी इचारत न्हाई, तरी हात लालभडक हुतो. हिला आयेनं पाणी पाजून पाजून भाजी केलीया." मग आईकडं वळून म्हणाली, "आये, तूच सांग समद्यास्नी. न्हाईतर म्होरल्या पंचमीला मी येत न्हाई."

बायकांनी घागरी खाली ठेवल्या. आक्काताईनं झाडाकडं पाहिलं.

"जावई चांगला हाय," ती म्हणाली. "झाडबी चांगलं हाय. नळाचं पाणी बाधलं त्येला."

बनी तशीच उभी राहिली.

"मीच घातलं," आक्काताई हळू म्हणाली. "पावणं, डबा घेऊन जावा. तुमच्याकडं पाण्याची बोंब, तिथं ते सुदरंल."

एसटीत नाथाजीनं डबा मांडीवर घेतला. लग्नात कोरड्या डोळ्यांनी लेकीची पाठवणी करणारी आक्काताई गाडी हलताच हुंदके देऊन रडू लागली. भामाबाई पाठीवर हात फिरवत म्हणाली, "लेकीची जात परक्याचीच, बाई." आक्काताईनं मान हलवली. नेमकं कशासाठी रडतेय, हे तिनं काही सांगितलं नाही.