पोपट काळे यांची हजेरी

पाण्याचा टँकर येऊन गेला, की वाघोलीच्या त्या टोकाच्या पत्र्याच्या खोल्यांत दिवस सुरू होतो. द्वारकाने हंडे आत घेतले, सासऱ्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले आणि लेकीला म्हणाली, "आबांना जपून ने गं. ऑपरेशन झालं तरी अजून धुरकटच दिसतंय त्यांना. कुठंपण चालत सुटतात."

"आई, आज अकॅडमीची ट्रिप आहे. सरांनी कंपल्सरी केलंय."

"मग? दवाखाना वाटेवरच हाय की. डोळे दाखव आणि तिथंच कुठंतरी सावलीला बसव. मला आज सुट्टी न्हाई मिळायची."

पायलने बॅग उचलली. अडचण दवाखान्याची नव्हती. अडचण होती ती आबांची, आणि असं वाटतंय याचीच तिला सकाळपासून लाज वाटत होती.

पायल हडपसरच्या एका अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी करत होती. धावण्यात मुलींमध्ये तिचा हात कोणी धरू शकत नसे. तिथे ती पायल काळे होती, आणि काळे आडनाव महाराष्ट्रात कोणाचंही असू शकतं. आपण पारधी आहोत हे तिने तिथे कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की काय होतं, हे तिने घरात पाहिलं होतं. द्वारका पूर्वी एका सोसायटीत झाडलोट करायची. तिची जात तिथे कोणाला तरी कळली, आणि दुसऱ्याच दिवशी 'सध्या गरज नाही हं' असं अगदी गोड शब्दांत तिला सांगण्यात आलं. सोसायटीतून एक सुईसुद्धा चोरीला गेली नव्हती. पण उद्या जाईल, असं त्या सुशिक्षित मंडळींचं म्हणणं होतं. आपल्याकडे ही कामं फार सभ्यपणे होतात!

दवाखान्यातून दोघं संग्रहालयाशी पोचली. पोलीस दलाचा इतिहास दाखवणारं हे संग्रहालय शहरात नव्यानेच उघडलं होतं. अकॅडमीच्या मुली फाटकाशी जमल्या होत्या. काळा चष्मा लावलेल्या, धोतर नेसलेल्या म्हाताऱ्याचा हात धरून पायल आली, तशी तिची मैत्रीण मिसबा पुढे झाली. "हे कोण गं? तुझे आजोबा?"

"नाही गं, आमच्या गल्लीतले बाबा आहेत. डोळे दाखवायला आणलंय, त्यांचं कोणी नाहीये म्हणून."

तोंडातून सरकन निघून गेलं. आबा शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि हळूच आपला हात तिच्या हातातून सोडवून घेतला. अंगणातल्या बाकावर तिने त्यांना बसवलं, पाण्याची बाटली दिली. ते रागाने दोन शब्द बोलले असते तर बरं झालं असतं, असं पायलला आत जाताना वाटलं.

आत सगळं छान मांडलं होतं. जुन्या टोप्या, बिल्ले, तलवारी, बेड्या. माहिती सांगणाऱ्या बाई हसतमुख होत्या. एका मोठ्या छायाचित्रापाशी त्या थांबल्या. काटेरी कुंपणाच्या आत बायकामाणसं ओळीने उकिडवी बसली होती, समोर टेबल टाकून एक साहेब बसला होता.

"या गुन्हेगार जमाती," बाई म्हणाल्या. "इंग्रज सरकारने या लोकांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. रोज ठाण्यावर हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. स्वातंत्र्यानंतर तो कायदा रद्द झाला. आता हा सगळा इतिहास आहे."

"इतिहास कसला मॅडम?" अभय सर हसत म्हणाले. अकॅडमी त्यांचीच होती. माणूस वाईट नव्हता, गरीब मुलींना ते फी माफ करायचे. "आमच्या गावाकडं पारधी दिसला की अजून दाराला कडी घालतात. पोरींनो, पाकिटं सांभाळा!"

मुली हसल्या. पायलही हसली. त्या हसण्याचं काय करावं ते तिला कळेना.

तेवढ्यात शेजारच्या दालनातून हशा ऐकू आला, तसे सगळे तिकडे गेले. तिथे जुनं पोलीस ठाणं उभं केलं होतं. कंदील, लाकडी टेबल, आणि खुर्चीत गणवेश घातलेला, मिशा लावलेला फौजदाराचा पुतळा. उजेड मुद्दामच मंद ठेवला होता. अंगणातल्या बाकावरून उठून आबा आत आले होते आणि त्या टेबलासमोर, चपला दाराबाहेर काढून, जमिनीवर उकिडवे बसले होते. डोक्याचं मुंडासं सोडून त्यांनी गुडघ्यावर ठेवलं होतं आणि हात जोडून ते पुतळ्याला सांगत होते, "पोपट काळे, सायब. जात पारधी. डोळ्याच्या विलाजाला आलोय. सांजच्याला माघारी जातो, सायब."

पुतळा काही बोलेना, म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. भोवती उभ्या असलेल्यांतल्या काहींनी मोबाईल बाहेर काढले होते.

आबांचं हे नवं नव्हतं. परक्या ठिकाणी पाय ठेवला की आधी ठाण्यात जाऊन हजेरी द्यायची, ही सवय त्यांना त्यांच्या बापाने लावली होती. कायदा गेला, तरी गावात चोरी झाली की पहिली काठी यांच्याच पालावर पडायची. आपण होऊन सांगितलेलं असलं म्हणजे चार काठ्या कमी बसतात, एवढाच त्या हजेरीचा फायदा. आणि तिचा एक नियम होता. बरोबर कोण आहे असं साहेबाने विचारलं, तर कोणी नाही म्हणायचं. पूर्वी आबांनी तो नियम एकदाच मोडला. 'माझा पोरगा हाय संगं' असं सरळपणे बोलून गेले. त्यानंतर कुठेही काही हरवलं की त्या पोराला उचलून नेऊ लागले. एकदा नेला तो परत आला तेव्हा नीट उभाही राहू शकत नव्हता, आणि पुढच्या पावसाळ्याआधी गेला. तो पायलचा बाप.

अभय सर पुढे झाले. डोक्यावर त्यांची नेहमीची खाकी टोपी होती. "अहो बाबा, उठा, उठा. कोणाबरोबर आलात तुम्ही?"

खाकी टोपी पाहून आबा आणखीच आकसले. त्यांनी मान वळवली. सरांच्या मागे उभी असलेली पायल त्यांना दिसली, धुरकट का होईना, पण दिसली.

"कुणासंगं न्हाई, सायब," ते म्हणाले. "एकलाच हाय. पोरबाळ न्हाई मला."

मिसबा पायलकडे बघत होती. सगळ्यांना वाटत होतं, गल्लीतले बाबा आहेत, पायल आता हसून त्यांना बाहेर नेईल. तेवढं केलं असतं तरी निभावलं असतं. भरती झाली असती, अंगावर वर्दी आली असती, कोणाला काही कळलं नसतं. पायलने खाली वाकून आबांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"आबा, उठा. तो पुतळा आहे." मग ती सरांकडे वळली. "सर, हे माझे आजोबा. आम्ही पारधी आहोत. मघाशी मी खोटं बोलले."

एका मुलीने खांद्यावरची पर्स पुढे ओढून छातीशी धरली. तिचं तिलाही कळलं नसेल, हात आपोआप गेला. पायलला मात्र ते दिसलं.

आणि मग आबांनी जे केलं, ते त्या दालनातलं कोणीही विसरू शकणार नाही. ते गुडघ्यांवर सरकत पुढे गेले आणि त्यांनी सरांचे पाय घट्ट धरले. "खोटं बोलती ती, सायब! ही आमच्यातली न्हाई! नाव लिवू नका हिचं, तुमच्या पाया पडतो. मला घ्या आत, लई मारा, पर हिचं नाव नका लिवू!"

"अहो बाबा, काय करताय! इथे कोणी नाव लिहून घेत नाही," सर पाय सोडवत म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. माहिती सांगणाऱ्या बाई भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. आबांना काहीच पटत नव्हतं. सगळे साहेब असंच म्हणतात, हे त्यांना आयुष्याने शिकवलं होतं.

मिसबाने दाराबाहेरच्या चपला आणून आबांच्या पायाशी ठेवल्या आणि फोन धरून उभ्या असलेल्यांवर ती ओरडली, "बंद करा ना ते! लाज नाही वाटत?"

फाटकाशी सरांनी पायलला बाजूला घेतलं. "हे बघ, मी काही मनात धरत नाही. मघाचं माझं बोलणं चुकलं. पण एक सांगतो, तुझ्या भल्यासाठी. हे आज इथंच राहू दे. मी पोरींना समजावतो. कुठं बोलू नकोस."

"बोलणार, सर. उद्या मैदानावर सगळ्यांसमोर बोलणार. भरतीतही बोलणार. नाही घेतलं तर नाही."

"अगं, पण आजोबा एवढे पाया पडले ते कशासाठी?"

पायलला रडू फुटलं.

वाघोलीच्या बसला गर्दी होती. आबा पुढे चढले आणि एकट्याला बसता येईल अशी जागा शोधून खिडकीशी टेकले. पायल मागून येऊन शेजारी उभी राहिली, तर त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. परक्या माणसाजवळ बसावं तसे अंग चोरून बसले. "लांब जा, पोरी," ते ओठातल्या ओठात पुटपुटले, "लोक बघत्यात."

कंडक्टर आला. "बोला आजोबा, कुठं? ह्या ताई बरोबर आहेत का तुमच्या?"

"न्हाई," आबा म्हणाले.

"हो," पायल म्हणाली.

कंडक्टरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "एकदा काय ते ठरवा. अख्खी बस खोळंबलीय."

"ठरलंय," पायल सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आजोबा आहेत माझे. दोन वाघोली द्या."