ओढ्याचा बरगा, देवाखालची फळी

“पाऊस सरला की घालायचं, मिरगाच्या आदी काढायचं. आनी एकबी कमी पडू द्यायचा न्हाई.”

बाळासोंचा हा आवाज माझ्या रेषारेषांत मुरला आहे.

मित्रांनो, मी एक जुना बरगा आहे. हा शब्द तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलाही नसेल. ओढ्यावरच्या बंधाऱ्याला दगडी खांब असतात. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. खांबांच्या खाचांत एकावर एक आडव्या फळ्या सोडल्या की पाणी अडतं. त्यातली प्रत्येक फळी म्हणजे बरगा.

मी जांभळीचा. वडूजच्या खालच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या ओढ्याकाठची जांभूळ वादळात पडली आणि सुताराने तिच्यातून आम्हा भावंडांना कापलं. पहिल्यांदा पाण्यात सोडताना तो म्हणाला होता, “पयले दोन दिस गळंल. घाबरू नगा. लाकूड फुगलं की फट आपसूक बुजती.”

ते दिवस फार चांगले होते. नवरात्र उठलं की सगळा गाव ओढ्यावर यायचा. बंधाऱ्याचं काम अंगावर घेतलेले बाळासो छातीभर पाण्यात उभे राहून आम्हाला खाचांत बसवायचे. आमच्या पाठीशी भरायला बायका पाट्या भरभरून माती आणायच्या. मग चैत्रापर्यंत विहिरींना पाझर असायचा. एका संक्रांतीला बायकांनी बंधाऱ्याला हळदकुंकू वाहिलं, त्यातलं थोडं माझ्या अंगावरही ओघळलं होतं.

पुढे शेतोशेती बोअर पडल्या. गार पाण्यात उतरायला कुणाला सवड राहिली नाही. आम्ही देवळामागे रचून पडलो आणि हळूहळू पांगलो. एक भाऊ शेळ्यांच्या खोपटाला गेला. एक जोतीरामच्या उंबऱ्यावर मोटारसायकल चढवायला गेला. दोघे तर होळीत गेले. मी तरी जळू नये म्हणून बाळासोंनी मला खांद्यावर टाकून घरी आणलं आणि बायकोला, विजयमालाबाईंना, तेच पुन्हा बजावलं, एकबी कमी पडू द्यायचा न्हाई.

“आवं, ठिवते जपून,” त्या म्हणाल्या. “गावाला लागंल तवा मी सोता निऊन दीन.”

दोन वर्षांनी बाळासो गेले. विजयमालाबाईंनी मला दोन विटांवर ठेवलं, वर लाल कापड घातलं आणि देव मांडले. रोज पहाटे देवांना स्नान, फुलं, दिवा. तीर्थाचे थेंब कापडातून झिरपून माझ्यापर्यंत यायचे. खरं सांगू? तो मान मला आवडला. ओढ्याची आठवण कमी कमी होत गेली.

पण बाहेर पाऊस पंचांग पाळेनासा झाला. गेल्या वर्षी आषाढ-श्रावण कोरडे गेले. मग भाद्रपदात चार दिवसांत एवढा कोसळला की ओढा बांध फोडून वाहिला, आणि चार दिवसांत निघूनही गेला. माघात बोअरमधून गाळ यायला लागला. पाणी आणता आणता बायकांच्या खांद्यांना घट्टे पडले.

तेव्हा ग्रामसभेत क्रांती उठली. ही गावाची सून. ती म्हणाली, “कोन यील म्हनून वाट बघायची न्हाई. औंदा वढा आपुनच अडवायचा.” आणि घरोघर फिरून तिने बरगे गोळा करायला सुरुवात केली.

“जोतीरामभाऊ, गाडी चढवायची फळी द्या.”

“आनी गाडी कशी चढवू?”

“उंबऱ्याला सांगा, वाईच वाक म्हनून.”

जोतीरामने हसत फळी काढून दिली. लाल कापडाखालचा मी मात्र तिला दिसलो नाही. जे बरगे उरले नव्हते ते गावाने वडूजला नवे करून घेतले. तरीही एक कमी पडला. सुतार म्हणाला, पंधरा दिवस थांबा. आणि यंदाचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळलेला. ओढा आत्ता कुठे निवळला होता, रोज थोडा थोडा उतरत होता; थांबलं तर अडवायला पाणीच उरलं नसतं.

काल दुपारी क्रांती आमच्या उंबऱ्यावर येऊन टेकली. “काकी, एक बरगा कमी पडतोय. बाकीचं गाळं वरपतूर भरलं तरी पानी त्या एका गाळ्याच्या मापानंच थांबनार. वीतभर खाली. म्हंजी वरच्या आळीच्या हिरींना पाझर न्हाई.”

“कवा पायजे?” विजयमालाबाईंनी हळूच विचारलं.

“उद्या सकाळी माती भरायची.”

क्रांती गेल्यावर त्या देवांसमोर येऊन बसल्या. कार्तिकाचा त्यांचा नेम चालू होता. पुनवेपर्यंत देव जागचे हलवायचे नाहीत आणि दिवा विझू द्यायचा नाही. पाऊस वेळेवर सरला असता तर बरगे पूर्वीसारखे नवरात्र उठताच पाण्यात गेले असते आणि नेमाची नि ओढ्याची गाठ पडली नसती. पुनव अजून आठ दिवसांवर होती.

दिवेलागणीला शेजारच्या धोंडुबाई विरजण मागायला आल्या. जाता जाता थांबल्या.

“विजे, देवाखाली काय हाय ते मला ठावं हाय.”

“नेम हाय माजा, आक्का.”

“आसू दे की. देवाला पाट चालतो. वढ्याला चालत न्हाई.” एवढं बोलून त्या विरजणाची वाटी पदराखाली घेऊन गेल्या.

मित्रांनो, आता उजाडतं आहे. विजयमालाबाईंनी स्नान केलं, पाटावर तांदूळ पसरले आणि एकेक देव दोन्ही हातांनी उचलून तिथे ठेवला. दिवा विझू दिला नाही. मग लाल कापड काढून मला पुसलं. हळदीचा एक जुना डाग अजून माझ्या कडेला आहे. त्यावर त्यांचं बोट क्षणभर थांबलं.

तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, जी मुळात सगळ्यांची आहे. तुम्ही तिला जपलं असेल, मानही दिला असेल. पण एकदा तिला तिची जागा विचारा. आणि माझं एवढं ऐका: मी फार वाळलो आहे, पहिले दोन दिवस गळेन. मला टाकून देऊ नका. थोडा धीर धरा.

विजयमालाबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली, मला उचलून घेतलं आणि भिंतीवरच्या बाळासोंच्या फोटोकडे पाहिलं.

“आवं, निघाले,” एवढंच म्हणून त्यांनी अनवाणी ओढ्याची वाट धरली.